झाकणाखालचं हवामान

परदेशी बागकामाच्या व्हिडिओंत एक बुटकी पेटी हमखास दिसते. चार फळ्या आणि वर काचेचं तिरकं झाकण. आजूबाजूला बर्फ साचलेला, आणि झाकण उचललं की आत पालकाचा हिरवागार वाफा. ते पाहून कोल्हापुरातला बागेचा नाद असलेला माणूस दोन प्रश्न विचारतो. ही पेटी करायची कशी? आणि आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, मग करायची कशाला?

दुसऱ्या प्रश्नाचा निकाल आधी लावलेला बरा. इंग्लंडातली पेटी जशीच्या तशी आणून रंकाळ्याजवळच्या एखाद्या परसात ठेवली, तर एप्रिलमध्ये आतली रोपं उकडून निघतील आणि जी वाचतील ती जुलैत कुजतील. पेटी इथंही उपयोगाची आहे, चांगलीच उपयोगाची आहे. पण तिचं काम इथं वेगळं आहे, त्यामुळे बांधणीही वेगळी.

१. पेटी नेमकं करते काय?

बागकामात हिला कोल्ड फ्रेम म्हणतात. तळ नाही, आत हीटर नाही, पंखा नाही. ऊब मिळते ती फक्त उन्हाची. ऊन झाकणातून आत शिरतं, मातीवर पडतं, माती तापते. तापलेली माती तिला टेकलेल्या हवेला तापवते. उघड्यावर ही गरम हवा लगेच वर निघून जाते आणि तिची जागा थंड हवा घेते. पेटीत तिला वर जायला वाट नसते, म्हणून तीच तीच हवा पुन्हा पुन्हा तापत राहते.

शाळेच्या पुस्तकांत आणखी एक कारण दिलेलं असतं: काच ऊन आत येऊ देते, पण तापलेल्या वस्तूंतून निघणारी अदृश्य उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हे खरं आहे, पण त्याचा वाटा किती? अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ मध्ये हे अगदी साध्या युक्तीनं तपासलं. काळ्या पुठ्ठ्याचे दोन खोके घेतले. एकावर काच ठेवली, दुसऱ्यावर सैंधव मिठाची पारदर्शक चकती. मीठ अदृश्य उष्णतेला अडवत नाही, काच अडवते. दोन्ही खोके उन्हात ठेवले, तर दोन्ही जवळजवळ सारखेच, ५५ अंशांच्या आसपास तापले. म्हणजे दिवसा ऊब साठण्याचं मुख्य कारण कोंडलेली हवा.

यातून बागवाल्याच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. काचच पाहिजे असं नाही, प्लास्टिकच्या कागदावरही भागतं. आणि ऊब हवा कोंडल्यानं टिकते, त्यामुळे झाकण चार बोटं उचललं तरी ती भराभर निघून जाते. पेटी चालवण्याचं सगळं कसब या चार बोटांत आहे. तिकडे आपण सातव्या भागात येऊ.

कल्पना जुनी आहे. रोमन सम्राट टायबेरियसला काकडीच्या जातीचं फळ रोज ताटात लागायचं. त्यासाठी माळी चाकांवरचे वाफे उन्हात ढकलत आणि थंडीत ते पारदर्शक दगडाच्या पातळ पापुद्र्यांनी झाकत, असं प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी काचेच्या बंद पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून जिवंत रोपं महासागरापार पाठवून दाखवली. १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून चहाची रोपं भारतात आणली ती अशाच पेट्यांतून. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले. आपल्या सकाळच्या कपामागे कुठंतरी अशी एक पेटी आहे, एवढं ध्यानात ठेवू आणि पुढे जाऊ.

२. रात्री काय होतं?

जमीन रात्रभर आकाशाकडे उष्णता सोडत असते. आभाळात ढग असले तर तिच्यातली बरीचशी परत येते. आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर ती गेली ती गेलीच.

याचं उत्तम उदाहरण महाबळेश्वरला मिळतं. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात बहुतेक हिवाळ्यांत एखाद्या तरी पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर, बोटींच्या धक्क्यावर, गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरं होतं. बातमी वाचणारा चक्रावतो. तापमान तर चार-पाच अंश दिलेलं असतं, मग शून्याला गोठणारं पाणी गोठलं कसं? वेधशाळेचा तापमापक सावलीच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर असतो. तो हवेचं तापमान सांगतो. पान मात्र उघड्या आभाळाखाली आपली उष्णता सोडत बसतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतं. त्यात थंड हवा जड, ती उतारावरून वाहत तळ्याकाठच्या खोलगट भागात साचते.

म्हणजे पान आणि आभाळ यांच्यामध्ये नुसतं काही आलं तरी निम्मं काम झालं. तरूच्या, म्हणजे कोवळ्या रोपांच्या, वाफ्यावर रात्री गवत किंवा गोणपाट पसरणारा शेतकरी हेच करत असतो. इथं मात्र प्लास्टिक काचेच्या मागे पडतं. साधं पॉलिथीन अदृश्य उष्णतेला फारसं अडवत नाही, त्यामुळे निरभ्र रात्री प्लास्टिकची पेटी काचेच्या पेटीपेक्षा जास्त गार होते. उपाय फुकटचा आहे: दिवस मावळताना झाकणावर एक जुनं गोणपाट टाकायचं आणि सकाळी काढायचं.

दुसरा उपाय पाण्याचा. समजा, पेटीच्या मागच्या भिंतीला टेकवून २० लिटरचा पाण्यानं भरलेला काळा कॅन ठेवला. संध्याकाळी पाणी २५ अंशांवर आहे, पहाटेपर्यंत ते २० वर आलं. एवढ्यात त्यानं जितकी उष्णता पेटीत सोडली, तितकी १० वॅटच्या दिव्याला सोडायला सुमारे बारा तास लागतील. रक्कम छोटी आहे, पण पेटीही छोटी आहे.

३. कोल्हापूरची थंडी किती?

खरं सांगायचं तर बेताची. डिसेंबर-जानेवारीत इथं रात्रीचं तापमान साधारण १४ ते १६ अंशांपर्यंत उतरतं. थंडीच्या लाटेत आणखी खाली जातं, पण पाणी गोठायची वेळ येत नाही. दुपारी तर तिशीच्या जवळ पारा असतो. उभं झाड या थंडीनं मरत नाही.

मग फरक कशाला पडतो? बियाला. बी रुजायला किती दिवस लागतील हे मातीच्या तापमानावर ठरतं. मिरचीचं बी २५ अंशांच्या मातीत साधारण आठ दिवसांत वर येतं, २० अंशांत बारा-तेरा दिवस घेतं आणि १५ अंशांत जवळजवळ पंचवीस. टोमॅटो याच क्रमानं सहा, आठ आणि चौदा दिवस. काकडी चार, सहा आणि तेरा.

हे आकडे पाहून लगेच उड्या मारायचं कारण नाही. कोल्हापुरात रात्र १५ अंशांची असली तरी दुपार ऊबदार असते, त्यामुळे जानेवारीत दिवसरात्रीची सरासरी वीसच्या वर राहते. पेटीनं ती २५-२६ वर नेली, तर मिरचीत चार-पाच दिवस वाचतील, काकडीत दोन. परसातल्या माणसाला हा काही मोठा फायदा नव्हे. मात्र रुजायला वेळ लागला की बी ओल्या मातीत जास्त दिवस पडून राहतं, मुंग्या नेतात, बुरशी खाते. बी सगळं आणि एकदम उगवलं, हा थंडीतल्या पेटीचा खरा फायदा. चार दिवसांची घाई परसात कुणाला नसते.

४. ही पेटी कोल्हापूरकरांनी आधीच वापरली आहे

शिरोळ, हातकणंगले, करवीर आणि पलीकडे मिरज-वाळव्याच्या भागात उसाची रोपं तयार करणाऱ्या रोपवाटिका रस्त्याकडेला दिसतात. वर हिरवी शेडनेट, खाली ट्रेच्या रांगा. पूर्वी दोन-तीन डोळ्यांची टिपरी थेट सरीत लावायची पद्धत होती. आता बेण्याचा एकेक डोळा कापून कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये लावतात आणि महिना-दीड महिन्याचं रोप शेतात नेतात. बेणं वाचतं, तुटाळ कमी होते.

पण ट्रे भरल्या भरल्या शेडनेटखाली मांडत नाहीत. आधी ते एकावर एक रचतात, सगळी थप्पी प्लास्टिकच्या कागदानं चारी बाजूंनी घट्ट गुंडाळतात आणि काही दिवस तशीच ठेवतात. आंब्याची आढी घालावी तसंच हे. आतली ऊब आणि ओल आतच मुरते. उसाच्या डोळ्याला फुटायला तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते, आणि सुरू हंगामातल्या लागणीची रोपं करायची वेळ येते ती नेमकी थंडीत. गरमीत ही थप्पी तीन-चार दिवसांत उघडता येते, थंडीत जास्त दिवस लागतात.

थप्पी सोडताना एखादी कांडी बोटांनी वर काढून पाहावी. चपटा डोळा फुगून टपोरा झालेला असतो, त्याच्या खवल्यांमधून पांढुरका टोकदार कोंब डोकावत असतो, आणि कांडीच्या वलयावर जे बारीक ठिपके होते, त्यांतून दोऱ्यासारख्या मुळ्या सुटलेल्या असतात. इथं दिरंगाई चालत नाही. कोंब दिसले की त्याच दिवशी कागद सोडून ट्रे उजेडात मांडायचे. उशीर झाला तर कोंब अंधारात लांबतात, पिवळे पडतात आणि हात लागला की मोडतात.

कोल्ड फ्रेमचा सगळा धडा या थप्पीत आहे: कोंडायचं कधी आणि सोडायचं कधी. फक्त इथं झाकण अपारदर्शक चालतं, कारण डोळ्याला फुटायला उजेड लागत नाही. पान आलं की लागतो.

५. इथले खरे शत्रू

थंडी बेताची असेल, तर पेटी कशापासून वाचवणार? पहिलं नाव पावसाचं. आपला जिल्हा या बाबतीत विलक्षण आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर शिरोळमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. कोल्हापूर शहर मधे, हजाराच्या आसपास. पण रोपाला वर्षाची बेरीज कळत नाही. त्याला कळतो जुलैतल्या एका दुपारचा झोडपा.

दोन पानांच्या रोपावर मोठा थेंब पडला की ते आडवं होतं. थेंबाबरोबर माती उडून पानांच्या खालच्या बाजूला चिकटते आणि मातीतली बुरशी पानावर पोचते. सगळ्यात वाईट म्हणजे माती सतत चिंब राहते. मग एका सकाळी वाफ्याच्या कोपऱ्यातली पाच-सहा रोपं कापल्यासारखी पडलेली दिसतात. हलक्या हातानं एखादं उचलावं. वरची पानं अजून हिरवी, टवटवीत. मुळंही जागेवर. फक्त मातीला टेकलेला देठाचा भाग तपकिरी, पाणचट आणि सुतासारखा बारीक झालेला. याला रोपं कोलमडणं किंवा मर म्हणतात. हे पिथियम आणि तिच्या जातकुळीतल्या बुरश्यांचं काम. एकदा देठ बारीक झाला की ते रोप वाचत नाही. शेजारची वाचवायची तर पाणी बंद, हवा चालू. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मातीत मिसळली तर रोग कमी होतो. पण ती मिसळायची बी पेरण्याआधी, रोपं पडायला लागल्यावर नव्हे.

भाताचा तरवा टाकणाऱ्यांना हे जुनं दुखणं माहीत आहे. शेणी, पालापाचोळा, फांद्या रचून राब भाजायचा, त्या जागेवर तरवा टाकायचा, ही पद्धत तणाचं बी जाळण्यासाठी आहे. वरच्या थरातली रोगराईही तीत जळते. परसात राब भाजायची सोय नसते, म्हणून आपण बुरशीला वरून रोखतो: पावसाचं पाणी आपल्या परवानगीशिवाय आत येऊ द्यायचं नाही.

दुसरा शत्रू पांढरी माशी. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा हा किडा रस पितो ते एक वेळ परवडलं, पण पिताना तो विषाणू सोडून जातो. टोमॅटोची आणि मिरचीची पानं चुरडतात, वाटीसारखी वळतात, झाड खुजं राहतं. लागण रोपावस्थेत झाली तर पुढे त्या झाडाकडून काही मिळत नाही आणि विषाणूवर औषधही नाही. म्हणून पहिले पाच-सहा आठवडे रोप जाळीआड ठेवणं हाच उपाय. यासाठी ४० ते ५० मेशची कीटकरोधक जाळी मिळते, म्हणजे इंचाला ४० ते ५० भोकं. मच्छरदाणीचं कापड चालणार नाही, त्याची भोकं मोठी असतात. फुलकिडे मात्र या जाळीतूनही निसटू शकतात, त्यामुळे पानं उलटी करून पाहायची सवय सोडता येत नाही.

तिसरा शत्रू एप्रिल-मेचं ऊन. ५० टक्के शेडनेट म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी, तेवढी पुरते. ७५ किंवा ९० टक्क्यांची शेडनेट लोक हौसेनं आणतात आणि मग रोपं काडीसारखी लांब होतात म्हणून हळहळतात.

आता चित्र स्पष्ट झालं. इंग्लंडात एका झाकणावर भागतं. इथं एका पेटीला तीन झाकणं हवीत: पावसाला आणि थंडीच्या रात्रीला प्लास्टिक, उन्हाला शेडनेट आणि बारा महिने कीटकजाळी.

६. सव्वाशे विटांची पेटी

आधी तोंड कुठं करायचं ते. पाश्चात्त्य पुस्तकं सांगतात दक्षिणेला. लंडनला २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, त्याचं हातचं ऊन सुटू नये म्हणून ही सगळी खटपट. कोल्हापुरात त्याच दुपारी सूर्य ५० अंशांवर असतो आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तर थेट डोक्यावरून जातो. झाकण कसंही ठेवलं तरी ऊन मिळणारच आहे. मी उंच भिंत पश्चिमेला घ्या आणि झाकणाचा उतार पूर्वेला काढा म्हणेन. सकाळचं कोवळं ऊन आत येतं, पानांवरची ओल लवकर सुकते, दुपारनंतरचं तिखट ऊन मागच्या भिंतीवर अडतं. पावसाळ्यातला वाराही पश्चिमेकडून येतो, त्याचा झोत त्याच भिंतीवर बसतो.

आतून माप चार फूट बाय तीन फूट, म्हणजे मधल्या रोपापर्यंत हात पोचतो. मागची भिंत दोन फूट, पुढची एक फूट. नऊ इंची वीट आडवी लावली तर एका थराला साधारण २१ विटा लागतात. तीन इंचांचा थर धरला, तर पुढच्या उंचीपर्यंत चार थर: ८४ विटा. मागच्या भिंतीचे वरचे चार थर: २४. बाजूच्या भिंती पायरीनं चढवायला १६. सगळ्या मिळून १२४, फुटीतुटीसह सव्वाशे-दीडशे आणाव्यात. सिमेंट नको. चिखलात लावल्या की पुढे जागा बदलता येते. दुसऱ्या-तिसऱ्या थरात बाजूच्या भिंतींत अर्ध्या विटेएवढे दोन-दोन झरोके सोडायचे आणि आतून कीटकजाळी लावायची. तळाला चार बोटं खडी, तिच्यावर विटा मांडून त्यांवर ट्रे.

गच्चीवर मात्र हे करू नका. एक वीट तीन किलोची धरली तरी पावणेचारशे किलो वजन एका कोपऱ्यात बसेल. गच्चीसाठी भाजीचे प्लास्टिक क्रेट किंवा जुन्या खोक्याच्या फळ्या बऱ्या, आणि पेटी वाऱ्यानं उडू नये म्हणून कठड्याला बांधून ठेवायची.

झाकणासाठी दोन इंच बाय एक इंच पट्टीच्या चौकटी कराव्यात. जुन्या लाकडाच्या वखारीत पट्ट्या स्वस्त पडतात. वाडा पाडल्यावर निघालेली काचेची खिडकी मोहात पाडते, पण ती घेऊ नये: जड असते, आणि वळवाबरोबर एकदा गारा पडल्या की काचा रोपांत. पॉलिहाउसला वापरतात ती २०० मायक्रॉनची, अतिनील किरणांना टिकणारी फिल्म दुकानात मीटरवर मिळते. घरात आलेल्या पॅकिंगचा कागद उन्हात काही महिन्यांत तडकतो. कीटकजाळीची चौकट आत कायम बसवायची. फिल्मची आणि शेडनेटची चौकट तिच्यावर मागच्या बाजूनं बिजागरीला, पुढे कडी-कोयंडा. वळवाचा वारा ढिलं झाकण उचलून शेजाऱ्याच्या अंगणात टाकतो.

उतार तीन फुटांत एक फूट पुरतो. कमी ठेवला तर फिल्मला पोट सुटतं आणि पाणी साचतं. हे पाणी किती, त्याचा अंदाज घ्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. आपलं झाकण कडांसह सुमारे १.४ चौरस मीटर. तासाभरात २० मिलिमीटर पडला, तर २८ लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी एकाच बाजूला, पुढच्या भिंतीच्या पायथ्याशी येणार. भिंत चिखलातली आहे हे विसरून चालणार नाही. झाकण पुढे अर्धा फूट बाहेर काढा आणि खाली चर खणून पाणी लांब न्या.

७. झाकण कधी उघडायचं?

पेटीतल्या रोपांचा सगळ्यात मोठा मारेकरी म्हणजे भर दुपारी बंद राहिलेलं झाकण. थंडीनं जितकी मरतात त्याहून जास्त रोपं यानं मरतात, आणि तेही जानेवारीत.

का, ते आकड्यांत पाहू. आपल्या पेटीत अर्धा घनमीटर हवा मावते. तिचं वजन अर्ध्या किलोच्या जरासं वर. एवढ्या हवेला एक अंशानं तापवायला शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बला पाच-सहा सेकंद लागतात. आणि जानेवारीच्या दुपारी या पेटीवर सातशे वॅटच्या आसपास ऊन पडतं. त्यातलं बरंचसं मातीत आणि पाण्याची वाफ होण्यात जातं. पण सातवा हिस्सा जरी हवेच्या वाट्याला आला, तरी तिला तीसवरून पंचेचाळीसवर जायला दहा मिनिटंही नकोत. बाहेर माणूस आरामात उभा असतो आणि आत रोपं शिजत असतात.

म्हणून आत, रोपांच्या उंचीला, सावलीत एक साधा तापमापक टांगावा. पारा २८ वर आला की झाकणाखाली काठी, चार बोटांची फट. ३२ वर गेला की झाकण पूर्ण मागे. थंडीत सकाळी साडेआठ-नऊला उघडायचं आणि ऊन उतरायच्या आधी, पाचच्या सुमारास लावायचं, म्हणजे दिवसाची थोडी ऊब आत राहते. दिवसभर घराबाहेर असणाऱ्यानं फट कायम ठेवावी. रात्री दोन अंश कमी मिळाले तरी बिघडत नाही.

पहाटे फिल्मच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील. उतार नीट असेल तर ते ओघळून कडेला जातात, नसेल तर रोपांवर टपकतात. जास्त जमले तर समजावं की पाणी जास्त दिलं जातंय. झारीनं पाणी घालायचं ते सकाळीच. संध्याकाळी घातलं तर पानं रात्रभर ओली राहतात आणि मग बुरशीला दुसरं आमंत्रण लागत नाही.

शेवटचा आठवडा रोपं काटक करण्याचा. पेटीतलं रोप लाडावलेलं असतं. त्याला वारा माहीत नसतो, पूर्ण ऊन माहीत नसतं. लावणीच्या आधी आठ दिवस पाणी थोडं तोडायचं, झाकण रोज जास्त वेळ उघडं ठेवायचं, शेवटचे दोन दिवस रात्रीही. कीटकजाळी तेवढी लावणीच्या सकाळपर्यंत राहू द्यायची.

८. वर्षाचा फेरा

मेच्या अखेरीस, रोहिणीत, शेडनेटखाली मिरची आणि वांग्याचं बी ९८ कप्प्यांच्या प्रोट्रेमध्ये टाकलं की पाच-सहा आठवड्यांत तरू लावणीला येतो. आकाशात वळीव दाटला की फिल्म ओढून घ्यायची. जूनच्या पहिल्या पावसानंतर शेडनेट काढून ठेवायची. ढगाळ दिवसांत आधीच उजेड कमी असतो, त्यात सावली केली तर रोपं पांढरी पडतात. पावसाळाभर फिल्म वर, पण बाजूचे झरोके उघडे आणि पुढे कायम फट. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर जुलैच्या पूर्वार्धात बी पडायला हवं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोबी, फ्लॉवर, टोमॅटो. हे रोपवाटिकेचे सर्वांत अवघड दोन महिने: उघडीप झाली की ऊन चटका देतं आणि तासाभरात सर येते.

दिवाळीनंतर कोथिंबीर, मेथी, पालक यांना पेटी लागत नाही, ती उघड्यावरच चांगली येतात. तेव्हा पेटी रिकामी करून खडी धुवावी, ट्रे उन्हात वाळवावेत. जानेवारीत मात्र ती परदेशी व्हिडिओतल्यासारखी खरोखर ऊबेसाठी वापरता येते. काकडी, दोडका, दुधी, कारलं यांच्या बिया माती-गांडूळखत भरलेल्या लहान पिशव्यांत लावायच्या, रात्री फिल्म आणि गोणपाट, दिवसा फट. वेलवर्गातल्या रोपांना मुळं दुखावलेली सोसत नाहीत, म्हणून पिशव्याच बऱ्या. तीन-चार पानांवर आली की फेब्रुवारीत जमिनीत, आणि उन्हाळा कडक व्हायच्या आत वेल मांडवावर.

फिल्म तीनेक वर्षं टिकते. मधे ती पिवळट होते, धूळ आणि शेवाळ धरते आणि उजेड खाते. त्यासाठी महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसायची, घासणी लावायची नाही. न लागणाऱ्या महिन्यांत घडी न घालता गुंडाळून सावलीत ठेवायची, कारण घडीच्या रेषेवरच ती आधी चिरते. चिरलेली फिल्म चिकटपट्टीनं जोडून एखादा पावसाळा निभावता येतो. त्यानंतर भंगारवाला.